भिंतीतील अ‍ॅम्प्लिफायर

भिंतीतील अ‍ॅम्प्लिफायर : घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांत संगीत ऐकू यावे म्हणून स्विचबोर्डासारख्या कन्सील्ड बॉक्समध्ये बसवला जाणारा छोटा ध्वनिविवर्धक. बाहेर दिसते ती फक्त प्लेट आणि तिच्यावरची आवाजाची बटणे. आत विवर्धक सर्किट आणि ब्लूटूथ किंवा वाय-फायचा भाग असतो. तिथून निघालेल्या तारा छतात किंवा भिंतीत बसवलेल्या दोन स्पीकरांकडे जातात.

घरभर संगीत खेळवण्याची जुनी रीत म्हणजे एका कपाटात मोठा अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा आणि तिथून प्रत्येक खोलीपर्यंत स्पीकरची वायर ओढायची. ऑस्ट्रेलियातल्या लेझरटेक इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘ए-बस’ तंत्राने ही मांडणी उलटी केली. अ‍ॅम्प्लिफायर थेट खोलीतल्या बटणांच्या मागे नेला आणि संगीताचा सिग्नल, वीज व रिमोटचे संदेश हे सगळे एकाच कॅट-5 केबलमधून (संगणकाच्या नेटवर्कची केबल) पाठवले. रसाउंड आणि हर्मन कार्डन या कंपन्यांनी हे तंत्र आपल्या उपकरणांत घेतले. 2005 मध्ये सोनोस कंपनीची पहिली उपकरणे बाजारात आली आणि घराच्या नेटवर्कवरून खोल्याखोल्यांत संगीत पाठवण्याची सवय रुजू लागली. नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याचे मानकही वाढत गेले. 2003 च्या मानकात उपकरणापर्यंत जेमतेम 13 वॅट पोहोचत. 2018 च्या मानकाने तो आकडा सुमारे 71 वॅटवर नेला. अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतल्या बॉक्समध्ये मावू लागला तो मात्र क्लास-डी सर्किटमुळे, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करत चालणाऱ्या सर्किटमुळे. जुन्या क्लास-एबी सर्किटची कार्यक्षमता तत्त्वतःसुद्धा 78.5 टक्क्यांपलीकडे जात नाही आणि व्यवहारात बरीच खाली राहते. क्लास-डी 90 टक्क्यांच्या आसपास जातो, त्यामुळे उष्णता कमी आणि आकार लहान.

निवड करताना सर्वांत जास्त फसगत वॅटच्या आकड्यात होते. खोक्यावर ‘2 × 50 वॅट’ छापलेले असते आणि सोबत 12 व्होल्टचा अडॅप्टर निघतो. इथे कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडावा. ब्रिज जोडणीच्या (स्पीकरच्या दोन्ही तारांत सिग्नल देणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरवर जास्तीत जास्त 12 व्होल्टचे शिखर येऊ शकते. 12 चा वर्ग 144. त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने, म्हणजे 8 ओहमसाठी 16 ने भागले की 9 वॅट येतात. आवाज न फाटता यापुढे जाता येत नाही. 4 ओहमचा स्पीकर लावला तर 18, आणि 24 व्होल्टच्या पुरवठ्यावर 8 ओहमला 36. हा हिशोब दुकानात उभ्या उभ्या करता येतो आणि तो करावाच. त्यातही दिलासा असा, की 9 वॅट स्वयंपाकघराला भरपूर होतात. 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 1 वॅटवर 1 मीटर अंतरावर 88 डेसिबल देतो, आणि साधे बोलणे साधारण 60 डेसिबलचे असते. आवाज कानाला दुप्पट वाटायला मात्र सुमारे दहापट वॅट लागतात, म्हणून 20 ऐवजी 30 वॅटसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

ब्रिज जोडणीची दुसरी बाजू वायरमनला माहीत असली पाहिजे. या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरची वजा तार म्हणजे अर्थिंगची तार नव्हे; तिच्यातही सिग्नल असतो. जुन्या घरात दोन स्पीकरांसाठी तीनच तारा टाकून वजा बाजू एकत्र केलेली असेल, तर तिथे नवा अ‍ॅम्प्लिफायर जोडताच तो बिघडू शकतो. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन तारा हव्यात. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार 4 ओहम होतो. तेवढा भार चालतो का, हे माहितीपत्रकात आधी पाहावे.

बॉक्सच्या मापावर बहुतेक कामे अडतात. बाजारात मिळणारे पुष्कळ भिंतीतले अ‍ॅम्प्लिफायर 86 मिलिमीटरच्या चौकोनी प्लेटचे आणि 60.3 मिलिमीटर अंतरावरच्या स्क्रूंचे असतात. आपल्याकडच्या मॉड्यूलर बोर्डाच्या बॉक्सशी ते माप जुळत नाही. अमेरिकेत लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेले असतात, मागे पोकळीच असते. इथे विटांची भिंत फोडून, झिरी मारून बॉक्स बसतो. पाठीमागून वायर वळायला जागा लागते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या जाडीपेक्षा बॉक्स निदान दीड-दोन सेंटिमीटर जास्त खोल घ्यावा. चार इंची भिंतीत तेवढी झिरी मारण्याआधी पलीकडच्या बाजूला काय आहे ते बघावे. बॉक्स लोखंडी असेल तर आतल्या अँटेनाचा सिग्नल दबतो. प्लास्टिकचा बॉक्स किंवा बाहेर काढलेली अँटेना हवी. पावसाच्या माऱ्याची, ओल धरणारी भिंत टाळावी. कोकणात आणि मुंबईत हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो.

उष्णतेचा विचार पुढच्या काही वर्षांसाठी करायचा असतो. वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवून पुरवठा एकसारखा ठेवणाऱ्या भागाचे) आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढले की निम्मे होते. 105 अंशांवर 2000 तासांचा कपॅसिटर 65 अंशांवर सुमारे 32,000 तास, म्हणजे सतत चालू राहिल्यास साडेतीन वर्षांहून थोडा अधिक टिकतो. 45 अंशांवर त्याच्या चौपट. म्हणून सिमेंटने गच्च भरलेल्या बॉक्सपेक्षा थोडी हवा खेळणारा बॉक्स चांगला, आणि अडॅप्टर जमल्यास फॉल्स सीलिंगमध्ये हात पोहोचेल अशा जागी.

स्पीकरसाठी दीड स्क्वेअरची (1.5 चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर पुरते. तारेचा रोध स्पीकरच्या ओहमच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हटले तर 8 ओहमला 15 मीटरपर्यंत, 4 ओहमला साडेसात मीटरपर्यंत ती चालते. ही वायर 230 व्होल्टच्या पाइपात कधीच टाकू नये. सुरक्षेचा प्रश्न आहेच, शिवाय गुणगुण येते. दोन्ही मार्ग एकमेकांना छेदणारच असतील तर काटकोनात छेदावेत.

दोन खोल्यांची दारे उघडी असतील तर वेळेची जुळणीही पाहावी लागते. आवाज 10 मीटर जायला सुमारे 29 मिलिसेकंद घेतो, तेवढा फरक कानाला जाणवत नाही. साधे ब्लूटूथ मात्र 150 ते 200 मिलिसेकंद मागे राहते. एका खोलीत ब्लूटूथवर आणि दुसरीत थेट तारेवर गाणे लावले की मधल्या पॅसेजमध्ये ओळ दोनदा ऐकू येते. खोल्या एकत्र चालवायच्या असतील तर गट करता येणारे वाय-फायचे किंवा केबलचे मॉडेल घ्यावे.

तीनपेक्षा जास्त खोल्या असतील तर अ‍ॅम्प्लिफायर भिंतीत नेण्यापेक्षा एका कपाटात ठेवणे बरे. दुरुस्ती एकाच जागी होते आणि भिंतीत राहते ती फक्त तांब्याची तार. मग झिऱ्या उघड्या आहेत तोवर प्रत्येक खोलीच्या स्विचबोर्डापर्यंत स्पीकरच्या चार तारा आणि एक कॅट-6 केबल टाकून घ्यावी, आणि प्लास्टर होण्याआधी भिंतीला टेप लावून, मापे दिसतील असे फोटो काढून ठेवावेत.