नकाशा मंजुरीचे शुल्क 'किरकोळ' का राहिले नाही

घर बांधायला निघालेले कुटुंब सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी यांचा हिशेब पै-पैचा मांडते, पण नकाशा मंजुरीच्या वेळी हाती पडणाऱ्या शुल्काच्या चलनासाठी अंदाजपत्रकात बहुधा 'परवानगी व किरकोळ' एवढी एकच ओळ असते. ही ओळ अपुरी का पडते, हे समजण्यासाठी या शुल्काचा पाया कसा बदलत गेला ते पाहावे लागते.

मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याने बांधकामाआधी नोटीस देणे बंधनकारक केले. आजही 'आयओडी' (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) या नावाने ओळखली जाणारी सूचना त्याच कायद्याच्या कलम ३४६ मधली असून, तिच्यातल्या अटी पुऱ्या केल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. १८९६ च्या प्लेगने कोंदट चाळींचे भीषण रूप समोर आणले आणि १८९८ मध्ये शहराची वस्ती सुधारण्यासाठी सुधारणा न्यास स्थापन झाला. उजेड, हवा आणि सांडपाण्याचा निचरा हा त्या नियंत्रणाचा गाभा होता.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने परवानगीची चौकट राज्यभर घातली. खरे वळण मात्र १९९२ मध्ये आले. त्या वर्षी या कायद्यात विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले आणि नकाशा तपासण्याच्या खर्चापलीकडे जाऊन, नव्या बांधकामामुळे रस्ते, पाणी व अन्य सुविधांवर येणाऱ्या भाराचा वाटा बांधणाऱ्याकडून घेतला जाऊ लागला. आधी ही आकारणी चौरस मीटरमागे ठरावीक रुपयांत होती. पुढे ती रेडी रेकनरमधील, म्हणजे शासनाच्या बाजारमूल्य दरपत्रकातील, जमिनीच्या दराशी जोडली गेली. माझ्या मते अंदाजपत्रके कोलमडण्याचे मूळ इथे आहे, कारण विटांचा भाव स्थिर राहिला तरी जमिनीचा दर वाढताच हे शुल्क वाढते.

३०० चौरस मीटरचा भूखंड, ३३० चौरस मीटर निवासी बांधकाम आणि चौरस मीटरला २०,००० रुपये रेडी रेकनर दर असे धरू. या दराने भूखंडाच्या क्षेत्रावर अर्धा टक्का म्हणजे ३०,००० रुपये आणि बांधकाम क्षेत्रावर दोन टक्के म्हणजे १,३२,००० रुपये, असे विकास शुल्क एकूण १,६२,००० रुपये होते. दर २२,००० झाला की हाच आकडा १,७८,२०० वर जातो. व्यापारी वापराला शुल्काची टक्केवारी दुप्पट लागते. याखेरीज १९९६ च्या केंद्रीय कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो. तो जमिनीच्या दरावर नव्हे, तर बांधकामाच्या खर्चावर बसतो, म्हणून त्याचा रकाना वेगळा ठेवणेच योग्य.

मोठ्या प्रकल्पांत अधिमूल्याचे, म्हणजे जादा बांधकाम किंवा सवलतींसाठी भराव्या लागणाऱ्या प्रीमियमचे, ओझे याहून जड असते. मुंबईत जानेवारी २०१२ पासून अधिमूल्य भरून ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल चटई क्षेत्र (मूळ मर्यादेवरचे जादा बांधकाम क्षेत्र) मिळू लागले. २०२१ मध्ये शासनाने अधिमूल्यांत ५० टक्के सवलत दिली, तेव्हा ती घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट घातली होती. ही सवलत त्याच वर्षअखेरपर्यंतची होती, त्यामुळे ती गृहीत धरून पुढच्या वर्षाचा हिशेब मांडणे शक्यच नव्हते.

डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईबाहेरच्या बहुतेक भागांत छोट्या भूखंडांचे काम सोपे केले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर रीतसर परवानगीसाठी थांबावे लागत नाही. मात्र नकाशा व मालकीच्या कागदांसोबत विकास शुल्क भरल्याची पावती जोडावीच लागते.