दोन तुकड्यांतला आकार

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाईलचा आकार २४ बिटांचा होता. ती ज्यावर चाले त्या पीडीपी-११ संगणकाचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा आकडा, मात्र १६ बिटांचा. म्हणून इनोडमध्ये (फाईलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) आकाराचे दोन तुकडे ठेवले होते: वरचा ८ बिटांचा, खालचा १६ चा. ते दोन वेळा वाचावे लागत, पण मधल्या क्षणी आकार बदलेल याची धास्ती कुणाला नव्हती. प्रोसेसर एकच, आणि कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) शिरलेली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) स्वतः झोपल्याशिवाय दुसरीला तिथे पाय ठेवता येत नसे.

लिनक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमवर हाच तिढा मोठ्या आकड्यांनी परतला. २.० या आवृत्तीत (१९९६) एकाहून अधिक प्रोसेसर आले, २.४ मध्ये (२००१) ३२ बिटी यंत्रांवरही ६४ बिटी आकाराच्या फाईली. समजा फाईल ४,२९४,९६७,२९५ बाइटांची आहे आणि तिच्यात एकच बाइट वाढला. नेमक्या त्या क्षणी वाचणाऱ्याच्या हाती वरचा तुकडा नवा आणि खालचा जुना लागला, तर आकार दिसतो ८,५८९,९३४,५९१. उलट झाले तर चक्क शून्य!

२.६ मध्ये यावर मोजणीचा उपाय आला. लिहिणारा सुरुवातीला आणि शेवटी एक आकडा वाढवतो, म्हणजे लिहिणे चालू असेतो तो विषम असतो. वाचणारा तो आधी आणि नंतर पाहतो. विषम असला किंवा मध्येच बदलला तर पुन्हा वाचतो. वाचणाऱ्याला कुलूप, म्हणजे इतरांना थांबवण्याची सोय, लागत नाही, लिहिणाऱ्याला लागतेच. दोघे एकदम लिहू लागले आणि मोजणीतली एक वाढ हरवली, तर वाचणारा कायमचा फिरत राहील, अशी ताकीद कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेली आहे.

६४ बिटी यंत्रांवर आकारापुरता प्रश्न मिटला. पण ‘स्टॅट’ हा कर्नलकडे फाईलची माहिती मागणारा कॉल एकटा आकार देत नाही. वेळा, परवानग्या, ब्लॉक असे गाठोडेच देतो. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या २००८ च्या मानकानुसार एका कॉलला दुसऱ्याचा परिणाम पूर्ण दिसावा किंवा मुळीच दिसू नये. लिनक्स मात्र सहसा कुलूप न लावता एकेक रकाना उतरवून घेतो, त्यामुळे नवा आकार आणि जुनी वेळ अशी जोडी पदरी पडू शकते. मला हा सौदा पटतो. नाहीतर मोठ्या लेखनामागे फाईलींची यादी दाखवणारे साधे ‘एलएस -एल’सुद्धा ताटकळले असते.

वेळेचे दुखणे वेगळे. कर्नलचे ढोबळ घड्याळ काही मिलिसेकंदांनी पुढे सरकते, त्या अवधीतले दोन बदल एकाच वेळेचे दिसतात. म्हणूनच गिट हा कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम, फाईलची वेळ त्याच्या इंडेक्सच्या (नोंदवहीच्या) वेळेला जुळली, की मजकूरच तपासतो. बारीक वेळा देण्याचा प्रयत्न लिनक्स ६.६ च्या तयारीत (२०२३) झाला, पण नंतर बदललेली फाईल आधीची दिसू लागल्याने मागे घेतला गेला. ६.१३ मध्ये (२०२५) तो सुधारून आला: मधल्या काळात कुणी वेळ विचारली असेल तरच पुढच्या बदलाला, गरज पडल्यास, बारीक वेळ मिळते. नॅनोसेकंदांना ३० बिट पुरतात, म्हणून उरलेल्या वरच्या बिटात ‘विचारले होते’ ही खूण बसवली. म्हणजे आता नुसते वाचणाराही इनोडवर आपली खूण ठेवून जातो.