‘बर्डी’, ‘बस’ आणि तोडलेले शब्द

नागपूर स्टेशनातून बाहेर पडलं की हाक येते, “बर्डी, बर्डी, एक सीट!” कागदोपत्री ते सीताबर्डी. ऑटोवाल्यांनी त्यातली सीता कधीच वाटेत उतरवली. आणि ‘ऑटो’ हाही अर्धाच शब्द. ऑटोरिक्षाचं पुढचं टोक नागपूरनं धरलं, मागचं पुण्या-मुंबईनं. पुण्याचा पाहुणा इथं ‘रिक्षा’ म्हणाला, की आपल्या डोळ्यांपुढे सायकलरिक्षा उभी राहते.

लंडनमध्येही असंच झालं. भाडं मोजणारं टॅक्सीमीटर लावलेल्या कॅबला १९०७ च्या सुमारास ‘टॅक्सीकॅब’ म्हणू लागले. मग कुणी टॅक्सी ठेवली, कुणी कॅब. कॅबही मुळात अख्खी नव्हतीच. ‘कॅब्रिओले’ या दोन चाकी घोडागाडीचा तो तुकडा. रिक्षाची कथा तर भलतीच. जपानी ‘जिनरिकिशा’ म्हणजे माणूस, बळ, गाडी. शब्द इंग्रजीत मुरता मुरता ‘जिन’ गळाला. म्हणजे गाडी राहिली आणि ओढणारा माणूसच गेला!

पण तोडातोडीत ‘बस’चा हात कुणी धरणार नाही. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नान्त शहरात कुणालाही बसता येईल अशी घोडागाडी निघाली. १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबीरनं ती लंडनमध्ये सुरू केली. तिचं नाव ‘ऑम्निबस’, हा लॅटिन शब्द, अर्थ ‘सर्वांना’. लोकांनी ‘ऑम्नि’ सोडलं, उरला ‘बस’. लॅटिनमध्ये तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. आपल्याकडे सांगायचं तर ‘सगळ्यांले’ मधला ‘ले’ तेवढा उरला आणि आपण रोज ‘ले’मध्ये बसून बर्डीले निघालो.

शेपूट ठेवून डोकं उडवण्याचे प्रकार तसे कमी. इंग्रजी माणूस बहुधा डोकं ठेवतो: फोटो, लॅब, जिम, एक्झाम, झू. यातले कितीतरी शब्द एकोणिसाव्या शतकात रुळले, काही तर कॉलेजच्या पोरांच्या तोंडून. क्वचित दोन्ही बाजू कापून मधला गाभा ठेवतात. इन्फ्लुएन्झाचा ‘फ्लू’ तसाच. तो शब्द मूळचा इटालियन, अर्थ ‘प्रभाव’. ग्रहताऱ्यांच्या प्रभावानं साथ येते अशी समजूत होती. रेफ्रिजरेटरचा ‘फ्रिज’ही मधलाच.

मोबाईलनं पोरांची भाषा बिघडवली, ही तक्रार घरोघरी आहे. साधा एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीत लिहिला तर ७० च. हात आखडता घ्यावाच लागे. पण ‘ओएमजी’ घ्या. ही अक्षरं ब्रिटिश ॲडमिरल फिशर यांनी १९१७ मध्ये चर्चिलना पाठवलेल्या पत्रात आहेत, तीही अर्थासकट.

तक्रार त्याहूनही जुनी. १७१० मध्ये लेखक जोनाथन स्विफ्टनं ‘टॅटलर’ या इंग्रजी नियतकालिकात लिहिलं, की लोक शब्दाचा पहिला तुकडा ठेवून बाकीचं फेकून देतात. ‘मॉब’ हा शब्द थोपवायला आपण कित्येक वर्षं झटलो, पण लोकांच्या संख्येपुढे हरलो, अशी कबुलीही दिली. ‘झुंड’ या अर्थाच्या शब्दानं झुंडीच्या जोरावरच जिंकावं, हे मला फार आवडतं. स्विफ्टनं नावं ठेवलेले ‘पॉझ’ (पॉझिटिव्ह), ‘फिझ’ (फिझिऑग्नॉमी, म्हणजे चेहरा) मात्र बहुतेकांच्या बोलण्यातून गेले. कोणता तुकडा टिकेल ते पंडितांच्या हाती नसतं.

नागपूरची आणखी एक गंमत. नावं तोडणारे आपण क्रियापदं मात्र ताणतो. पुण्यात ‘काय करतोस’ म्हणून सुटतात. इथं ‘काय करून राहिला बे’ पाहिजे. मेडिकल कॉलेजचं एवढं मोठं हॉस्पिटल, त्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणून भागतं, पण तिथं ‘जातोय’ म्हणून भागत नाही, ‘जाऊन राहिलो’ लागतं.

तो ‘मॉब’ आला लॅटिन ‘मोबिले व्हुल्गुस’ मधून, म्हणजे चंचल गर्दी. तोच ‘मोबिले’ आता आपल्या खिशात आहे, मोबाईल फोनमधला ‘फोन’ टाकून. टाकलेला ‘फोन’ही आधीच टेलिफोनची शेपूट होता.