कूलंट, बुडबुडे आणि रेडिएटरचं झाकण

गाडीच्या इंजिनात घालायचं कूलंट पाण्यापेक्षा जास्त गारवा देतं, हा समज इतका पक्का आहे की डब्यावर बर्फाचे डोंगर छापले तरी कुणाला हसू येत नाही. प्रत्यक्षात उलट आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. कूलंटमधलं मुख्य रसायन इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर त्याहून बरीच कमी पुरते. उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. अनेक रेसिंग ट्रॅकवर ग्लायकॉलला चक्क बंदी असते, कारण ते सांडलं की रस्ता निसरडा होतो. रोजच्या गाडीत ते घालतात ते पाणी गोठू नये आणि लवकर उकळू नये म्हणून. त्याच्या जोडीला असलेली रसायनं धातूला गंजापासून वाचवतात.

माझ्या आवडीचं उदाहरण माझदा एमएक्स-५. १९८९ साली आलेली ही दोन सीटांची, छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार घरीच पाना हातात घेणाऱ्यांची जगभर लाडकी आहे. तिचं १.६ लिटरचं इंजिन माझदा ३२३ च्या घराण्यातलं, मुळात आडवं बसणारं. इथे ते उभं बसवलं आणि गरम पाणी बाहेर पडायची वाट मागून काढून पुढे, पंपाच्याच टोकाला आणली. त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला पाणी कमी येतं. रोजच्या वापरात हे खपून जातं. ट्रॅकवर गाडी पिळणारे मात्र ती वाट पुन्हा मागे नेतात.

पाणी कमी पडलं की काय होतं, ते खरं पाहण्यासारखं आहे. जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा धातू इतका तापतो की त्याला टेकलेलं पाणी उकळतं, अगदी ठणठणीत इंजिनातसुद्धा. बारीक बुडबुडे धातूवर उमटतात, सुटतात आणि भोवतालच्या कमी गरम पाण्यात विरतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२५७ ज्यूल लागतात, म्हणजे तेच पाणी एका अंशाने तापवण्याच्या पाचशेपटीहून जास्त. एवढीशी वाफ धातूची केवढी उष्णता ओढून नेते!

पण याला मर्यादा आहे. १९३४ मध्ये जपानच्या सेंदाईत शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेली तार विजेने तापवत नेली. उष्णता वाढली तसे बुडबुडे वाढले, तारेचं तापमान फारसं चढलं नाही. मग एका टप्प्यावर बुडबुडे एकमेकांना भिडले, तारेभोवती वाफेचा पडदा तयार झाला आणि तापमानाने एकदम शेकडो अंशांची उडी घेतली. निक्रोमची तार जळून तुटली. कडकडीत तव्यावर पाण्याचा थेंब लगेच न आटता नाचत राहतो, तो याच पडद्यामुळे. वाफ उष्णतेची वाईट वाहक. इंजिनात असा पडदा धरला तर सिलिंडरांवरचं हेड वाकतं आणि त्याखालचा सांधा बंद ठेवणारं गॅसकेट उडतं.

म्हणून रेडिएटरचं झाकण हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. जपानी झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब, किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये. ०.९ च्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. नव्वद अंशांचं पाणी उकळीपासून बरंच लांब राहतं, म्हणून बुडबुडे त्यात विरतात. रबर कडक झालं की दाब टिकत नाही, बुडबुडे साठतात आणि पंप पाण्याऐवजी वाफ घुसळतो. झाकणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह गाडी गार होताना बाजूच्या टाकीतलं पाणी परत आत घेतो. सकाळी रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चपटा दिसला तर हा व्हॉल्व्ह अडकलाय असं समजा.

पुढचं काम, म्हणजे कूलंट बदलणं, सोपं आहे. गाडी पूर्ण गार होऊ द्या. गरम झाकण उघडलं तर दाब जातो आणि पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. खालचा प्लग सोडून जुनं कूलंट भांड्यात घ्या. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरी चाटतात. गटारात ओतू नका. नवं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. जपानी कूलंटमध्ये बहुधा फॉस्फेट असतं, त्याचा बोअरवेलच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी गाळ होतो. हिरवा-गुलाबी रंग पाहून ठरवू नका, तो नुसता रंग आहे. मग गाडीचं नाक वर, हीटर पूर्ण चालू, आणि थर्मोस्टॅट (पाणी तापलं की आपोआप उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडून हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

तो थर्मोस्टॅट 'उन्हाळ्यात काढून टाका' म्हणणारे मेकॅनिक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ऐकू नका. इंजिन सदा अर्धवट गार राहिलं तर पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. 'तापमान पंधरा अंश कमी' असा दावा करणाऱ्या, कूलंटमध्ये ओतायच्या बाटल्यांनाही तोच न्याय: थर्मोस्टॅट ठीक असेल तर तोच तापमान राखतो, बाटली काय कमी करणार?

जाता जाता रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीकडे पाहा. ती मुळात काळी असते. उष्णतेने म्हातारी झाली की तपकिरी पडते, आणि मग कधीही तडकते. काळी नसेल तर कूलंट ओतण्याआधी रेडिएटरच बदला.