बटाट्याचा लवकर येणारा करपा : एका नावाखाली किती बुरशा?

बटाट्यावर लवकर येणाऱ्या करप्याच्या बुरशीचे पहिले वर्णन १८८२ साली झाले, तेही अमेरिकेतल्या न्यू जर्सीत गोळा केलेल्या पानांवरून. तेव्हा तिला मॅक्रोस्पोरियम सोलानी म्हटले गेले. १८९६मध्ये ती अल्टरनेरिया प्रजातीत आली आणि अल्टरनेरिया सोलानी हे नाव रूढ झाले. एकाच शेतातून घेतलेले नमुने प्रयोगशाळेत वेगवेगळ्या रंगाचे वाढतात आणि सगळे पानाला सारखीच इजा करत नाहीत, हे १९२०च्या दशकातच नोंदवले गेले होते.

त्यापुढची बरीच वर्षे या वेगळेपणाला नीट शब्दच सापडला नाही. उशिरा येणाऱ्या करप्यात, म्हणजे बटाट्याच्या दुसऱ्याच एका रोगात, ते सोपे होते. तिथे जंगली बटाट्यातून आणलेली ठळक प्रतिकारक जनुके होती. एखादा नमुना कोणत्या जनुकाला हरवतो ते पाहून त्याला ‘वंश’ म्हणून क्रमांक देता येई. लवकर येणाऱ्या करप्याविरुद्ध बटाट्याची ताकद मात्र अनेक जनुकांत थोडी थोडी वाटलेली आहे आणि ती पिकाच्या वयाशी बांधलेली आहे. उशिरा पक्व होणारे वाण जास्त टिकतात, लवकर येणारे आधी कोसळतात. पूर्णपणे रोगमुक्त असा वाण नाही. म्हणून इथे ‘उग्रता’ म्हणजे ठिपका किती झपाट्याने वाढतो आणि किती पान खातो, याचे मोजमाप. ती कमी-जास्त असते. ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उत्तर तिथे मिळत नाही. तरीही कित्येक अहवालांत ‘वंश’ हा शब्द उसना घेतला गेला आणि त्याने गोंधळच वाढवला.

१९९०नंतर विकरांचे (एन्झाइमांचे) नमुने आणि मग डीएनएचे ठसे तपासले जाऊ लागले, तेव्हा आश्चर्याची गोष्ट पुढे आली. या बुरशीची लैंगिक अवस्था निसर्गात कोणी पाहिलेली नाही. बीजाणू तयार होतात ते अलैंगिकच. मग सगळे नमुने एकमेकांच्या प्रती असायला हवेत. पण अभ्यासामागून अभ्यासात वैविध्य भरपूर निघाले. एकाच शेतात, कधी एकाच झाडावर, वेगळे ठसे मिळाले. गावागावांचे गट मात्र स्पष्ट पडले नाहीत आणि ठशांचा उग्रतेशीही सहसा मेळ बसला नाही. कारणे अनेक सुचवली गेली: पेशींत एकाहून अधिक केंद्रके असणे, धाग्यांची आपसांत जुळणी, वाऱ्याने दूरवर जाणारे बीजाणू. लैंगिक जोडीची दोन्ही प्रकारची जनुके या बुरशीत सापडल्यावर छुप्या संकराची शंकाही बळावली.

पण त्याहून मूलभूत प्रश्न असा होता, की मोजले ते एकाच बुरशीचे वैविध्य होते का? जुन्या काळात बटाटा, टोमॅटो, वांगे यांच्या पानांवरची मोठ्या, लांब शेपटीच्या बीजाणूंची प्रत्येक अल्टरनेरिया सरसकट ‘सोलानी’ म्हणून नोंदली जाई. २००० साली बीजाणूंच्या आकारावरून तिची फोड करण्यात आली. टोमॅटोवरची टोमॅटोफिला वेगळी निघाली आणि बटाट्यावरची, अधिक मोठ्या बीजाणूंची, ग्रँडिस वेगळी निघाली. या निर्णयावर बरीच टीका झाली. आकार हवामानाने आणि माध्यमाने बदलतो, असा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. पुढे २०१४मध्ये अनेक जनुकांच्या आधारे पुन्हा छाननी झाली. तेव्हा ग्रँडिस टिकली. टोमॅटोफिला मात्र लिनारिया या फुलझाडावरून आधीच वर्णिलेल्या लिनारी या जातीत विलीन झाली. टोमॅटोच्या रोगाला आता एका फुलझाडाचे नाव आहे. शेतकऱ्याला ते पटवून देणे अवघड, पण आधी दिलेले नाव टिकते, हा अग्रक्रमाचा नियमच आहे.

माझ्या मते फोड करणे योग्यच होते, तिचा आधार तेवढा कच्चा होता. कारण त्यानंतरच ब्राझीलच्या बटाट्यात ग्रँडिसचे वर्चस्व दिसले. सूर्यफुलावरून वर्णिलेली प्रोटेंटा बेल्जियम आणि अल्जीरियाच्या बटाट्यावर मिळाली. केवळ आयटीएस या नेहमीच्या डीएनए तुकड्यावर विसंबलेली ओळख इथे उपयोगाची नाही, कारण या जवळच्या जातींत तो तुकडा जवळजवळ सारखाच असतो. जुन्या तक्त्यांतले ‘सोलानीचे वैविध्य’ म्हणूनच सावधपणे वाचायला हवे. त्यातला काही भाग टोमॅटोवरच्या भावंडांचा असू शकतो.

शेताला थेट भिडणारे वैविध्य दिसले ते औषधांमुळे. अमेरिकेत १९९९मध्ये बटाट्यावर ॲझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक आले आणि दोन-तीन हंगामांतच मध्यपश्चिमेकडच्या नमुन्यांवर त्याचा जोर कमी पडू लागला. हे औषध बुरशीच्या ज्या प्रथिनावर काम करते, त्या सायटोक्रोम बीमध्ये १२९व्या जागी फेनिलॲलानिन या अमिनो आम्लाऐवजी ल्यूसीन आले होते. इतर अनेक बुरशांत १४३व्या जागी बदल होतो आणि औषध पूर्णच निकामी ठरते. सोलानीच्या जनुकात त्या जागेला लागून एक इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जाणारा तुकडा, आहे. तिथे बदल झाला, तर प्रथिनच नीट बनत नाही. म्हणून तिला १२९ची अर्धवट वाट घ्यावी लागली. जर्मनीत या जनुकाच्या रचनेचे दोन प्रकार आढळले आणि १२९चा बदल त्यांपैकी एकातच दिसला. त्यानंतर बॉस्कॅलिड या दुसऱ्या बुरशीनाशकाची पाळी आली. २०१०च्या आसपास ते ज्या विकरावर काम करते त्यात बदल झालेले नमुने आयडाहोत मिळू लागले.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर खरीप बटाटा पावसात वाढतो. ऊन-पावसाचा खेळ चालू असला की हा करपा फोफावतो. ‘करपा’ हा एकच शब्द दोन्ही रोगांना वापरला जातो, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यातून खर्च वाया जातो. उशिरा येणाऱ्या करप्याचा कारक खरी बुरशी नाही. त्याच्यावर चालणारे मेटॅलॅक्झिल हे औषध अल्टरनेरियावर चालत नाही, मॅन्कोझेब मात्र दोन्हींवर चालते. त्यातच त्याच पानावर लहान बीजाणूंची अल्टरनेरिया अल्टरनाटाही असू शकते. तिच्या जनुकात तो इंट्रॉन नाही, त्यामुळे १४३चा बदल तिला सहज जमतो. ॲझॉक्सिस्ट्रोबिनची एकच फवारणी एकीला अर्धवट आवरते आणि दुसरीला मोकळे सोडते.