परडे (बेळगाव सीमाभाग)

परडे : घराच्या मागच्या दारची, सांडपाण्यावर जोपासलेली भाजीची जागा, बोलण्यात परडं. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या तालुक्यांतल्या मराठी खेड्यांत घराला परडे असणे गृहीतच धरलेले असे. दोन-चार वाफे, दोडक्याचा मांडव, केळी, अळू, शेवगा, कढीपत्ता आणि कडेने काट्यांचे कुंपण एवढाच त्याचा पसारा.

परड्याची खरी किंमत कळते ती फाल्गुन-चैत्रात. येळ्ळूर-शहापूरच्या काळ्या शिवारात भात निघाल्यावर घेतलेला मसूर आणि हरभराही तोवर घरात आलेला असतो. वळवाचा पाऊस पडून मशागत सुरू होईपर्यंत रान मोकळे. खानापूरच्या पश्चिमेकडची तांबडी जमीन तर पाऊस थांबल्यावर लवकर सुकते. अशा वेळी ताटात हिरवे काही येते ते परड्यातून. बेळगावची उंची सुमारे ७५० मीटर असल्याने इथला उन्हाळा घाटाखालच्यापेक्षा सोसणारा असतो, तरी रोपांना रोज पाणी लागतेच. ते वेगळे काढावे लागत नाही. न्हाणीचे पाणी पाटाने केळीला आणि अळवाला जाते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी भांड्यात साठवून संध्याकाळी वेलांच्या आळ्यात ओततात. आळ्यात शेणखत घालून वर पालापाचोळा पसरला की ओल टिकते. मावा दिसला की चुलीतली राख पहाटे दवावर भुरभुरायची, म्हणजे ती पानांना धरून राहते.

माघात टोकलेली भेंडी, गवार आणि दोडका चैत्रात तोडणीला येतात. पोकळा, तांबडा माठ आणि अंबाडी थोड्या थोड्या दिवसांनी फोकली तर कोवळा पाला मिळत राहतो. बियाणे घरचेच. मांडवावरचा सगळ्यांत चांगला दोडका तोडायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा. बी काढून राखेत घोळून डब्यात ठेवायचे. कोणता दोडका राखायचा हे घरातली जाणती बाई ठरवते. परड्याचे बहुतेक ज्ञान असे बायकांच्या हातात आहे, आणि त्याची नोंद फार थोडी झाली आहे.

या भाजीचा स्वयंपाक साधा, पण काटकसरीत हुशार आहे. दोडक्याची भाजी आमटीबरोबर, आणि शिरा काढलेल्या साली टाकून न देता तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे, लसूण व लाल मिरचीबरोबर त्यांची चटणी. अंबाडीचा पाला उकडून, आंबटपणा उतरेल इतके पाणी पिळून, तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्यांत शिजवतात. वरून लसणाची सढळ फोडणी. शेजारच्या कन्नड घरांत हीच भाजी पुंडीची म्हणून होते, आणि भाकरीवर ती दोन्हीकडे तितक्याच आवडीने खातात. खानापूरकडे या दिवसांत कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी होते. विळीला आणि हाताला तेल लावून तो चिरतात, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला परड्यातल्याच कैरीची डाळ आणि पन्हे. उरलेल्या गवारीच्या शेंगा ताक-मिठात मुरवून वाळवतात. पावसाळ्यात तळल्या की पेजेबरोबर तोंडी लावायला होतात.

अलीकडे परडी आक्रसली आहेत. वाटण्यांमध्ये मागची जागा गेली, न्हाणीचे पाणी थेट गटाराला जोडले गेले, आणि उरलेल्या अंगणात फरशी आली. बेळगाव परिसरातली भाजी रोज चोर्ला घाटातून गोव्याला जाते, आणि पिकवणाऱ्याच गावात कोथिंबीर विकत आणावी लागते, ही स्थिती खेदाची आहे. साबणाचे पाणी वाढल्यामुळे ते पालेभाज्यांना न देता केळीपुरते ठेवणे बरे. जागा नसेल तिथे पत्र्याच्या डब्यांत आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मिरची, वांगी व पोकळा लावलेला दिसतो. मृग लागला की उन्हाळी वेल उपटतात आणि त्याच मांडवाखाली पावसाळी काकडीचे बी टोकतात.