कामगार दिन (कोकण)

श्रमिकांच्या सन्मानार्थ १ मे रोजी पाळला जाणारा दिवस. ‘मे दिन’ हे नावही रूढ आहे.

कामाचा दिवस आठ तासांचा असावा ही मागणी मेलबर्नच्या पाथरवटांनी एप्रिल १८५६ मध्येच मान्य करून घेतली होती. १ मे ही तारीख मात्र अमेरिकेत याच मागणीसाठी झालेल्या १८८६ च्या संपातून आली. शिकागोच्या हेमार्केट चौकातील बाँबस्फोट त्याच दिवशी झाला असे सर्रास समजले जाते. तो ४ मे रोजी झाला. तेथील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पॅरिसच्या १८८९ च्या समाजवादी परिषदेने हा दिवस ठरविला, असेही एक मत आहे. परंतु ठरावात हेमार्केटचा उल्लेख नाही. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनांच्या महासंघाने डिसेंबर १८८८ मध्येच १ मे १८९० ही निदर्शनांची तारीख ठरविली असल्याने तीच स्वीकारत आहोत, एवढेच त्यात म्हटले आहे. हा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. दरवर्षीचा प्रघात त्यानंतर पडला. खुद्द अमेरिकेत कामगारांची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते.

भारतातील पहिला मे दिन सामान्यतः मद्रास येथील १९२३ चा मानतात. तो कामगार नेते सिंगारवेलू चेट्टियार यांनी साजरा केला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मिळालेली रविवारची सुट्टी ही वेगळी घटना होय.

गिरणगावातील कामगारांचा मोठा भाग जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला होता. संप लांबला की चाकरमानी गावी परतत. गावाकडचा लढा मात्र प्रामुख्याने खोतीविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क खोतांकडे असलेल्या पद्धतीविरुद्ध, त्यांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांचा होता. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेल्या संपात कुळांनी सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. १० जानेवारी १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ही तारीख कामगारांच्या लढ्याचा मान राखून निवडली, असे सांगतात. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात कारण दिलेले नाही. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हाही वेगळा झाला. त्यामुळे कोकणात हा दिवस ध्वजवंदनाचा आणि ग्रामसभेचा म्हणून अधिक परिचित आहे. आंबा काढणारे गडी व मासेमारी नौकांवरील खलाशी यांचा हा ऐन हंगाम असतो. पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून लागू होते.